रंग कुठपर्यंत जातो

माझ्या वॅगन आरच्या टपावर सध्या तीन रंग आहेत. एक मूळचा मेटॅलिक निळा, कडेकडेला अजून तग धरून असलेला. दुसरा मधोमधचा, पांढुरका, हात फिरवला तर बोटांना भुकटी लागते असा. तिसरा या दोहोंच्या सीमेवरचा. तिथं वरचा पारदर्शक पापुद्रा सुटलाय आणि नखानं ओढला की लांबच लांब निघतो. सोसायटीतली पोरं तो काढण्यात इतकी तरबेज झाली आहेत की मे महिन्याच्या सुट्टीत पांढुरका प्रदेश झपाट्यानं वाढतो.

गाडी 2008 सालची. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन तपासणी करून घेतली, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांचं नूतनीकरण पदरात पडलं. इंजिनाची तक्रार नाही. म्हणजे हाडंपेरं ठणठणीत आणि कातडी तेवढी गेलेली. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. नवरा म्हणाला, विकून टाक. मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, रॅप कर, म्हणजे वरून रंगीत फिल्म चिकटवून घे, दोन-तीन दिवसांत होतं. शेजारचे काका म्हणाले, पांढरा मारून घ्या, पांढऱ्याला मरण नाही. मी एका बँकेत कर्ज विभागात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर. गाड्यांपेक्षा त्यांची कागदपत्रंच जास्त हाताळली. रंग म्हणजे माझ्या लेखी आरसी बुकातला एक रकाना. तो पत्र्यावर बसतो कसा आणि उतरतो कसा, हे बघायची उसंत मिळाली ती निवृत्तीनंतर.

कोल्हापुरात गाडीचं काहीही काम असलं की माणूस आधी शिवाजी उद्यमनगरात जातो. लेथ, वेल्डिंग, बोअरिंग, डेंटिंग-पेंटिंग, सगळं एकाला एक लागून. तिथल्या एका शेडमध्ये बापू नावाचे पेंटर आहेत. वय साठीच्या घरात, नखांच्या कडांना कायमचा राखाडी रंग. मी गाडी लावली, उतरले, टप दाखवला. कुठला रंग हवा, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते वेगळंच.

"मॅडम, नुस्तं बाहेरनं मारायचं का आतनं बी?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी दार उघडून दाखवलं. दाराची कड, बिजागऱ्यांच्या मागची जागा, रबराच्या बीडिंगखालची पट्टी, डिकीची पन्हळ, बोनेटची आतली बाजू, पेट्रोलच्या झाकणाच्या आतली वाटी. "ह्ये सगळं निळंच ऱ्हाणार, बाहेरनं केलं तर. दार झाकलं की गाडी नवी. उघडलं की जुनी. लोकास्नी चालतंय. तुमास्नी चालंल का तेवढं सांगा."

त्यानंतर मी रंगाच्या ज्या ज्या पर्यायाची चौकशी केली, तो प्रत्येक पर्याय मला या एकाच प्रश्नानं तपासता आला. नवा रंग कुठपर्यंत जातो? बाकी सगळं, भाव, चमक, टिकाऊपणा, त्या उत्तराच्या मागून येतं.

कारखान्यातला रंग सगळ्यात आत जातो, कारण तिथं गाडी ही गाडी झालेलीच नसते. काच नाही, सीट नाही, वायर नाही. नुसता पत्र्याचा सांगाडा. तो अख्खा रसायनाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साह्यानं पहिला थर चढवतात, त्यामुळं जिथं माणसाचा हात जाणार नाही त्या पोकळीतही तो पोचतो. गंजापासून वाचवतो तो हाच थर. मग रंगाला पकड देणारा प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर, आणि भट्टीत साधारण 140 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजणं. एवढं सगळं करून एकूण जाडी भरते 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम सातवा-दहावा हिस्सा. त्यातही ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो थर पंधरा-वीस मायक्रॉनचाच. उन्हातले अतिनील किरण अडवायचं काम वरच्या क्लिअर कोटचं. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा टप आणि बोनेट ते काम करून करून थकतात आणि साल सोडतात. दारं सहसा सोडत नाहीत, कारण ऊन त्यांच्यावर तिरकं पडतं.

जुन्या साध्या रंगांना हा क्लिअर कोट नसायचा. लाल मारुती 800 आठवून बघा. काही वर्षांत ती गुलाबी व्हायची. पण तिच्यावर इलाज होता: रबिंग कंपाउंड लावून घासलं की वरची मेलेली पुटं फडक्यावर येत, फडकं लालभडक होई, आणि खालून पुन्हा लाल गाडी निघे. दर वेळी थोडा रंग कमी होत होता हे खरं, पण निदान बरी होत होती. माझ्या टपावर कितीही घासलं तरी गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. नव्या रंगांची ही एक खोड मला आवडत नाही. चांगले असतात तोवर फार चांगले, आणि बिघडले की दुरुस्तीला जागाच ठेवत नाहीत.

बापूंच्या शेडमध्ये त्या दिवशी एक फियाट उघडी पडली होती. प्रीमियर पद्मिनी, खासगी. मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात गंज लागला होता आणि एक पोरगा तिथं पाणी मारत पॉलिश पेपर घासत होता. मी वाकून बघितलं. घासलेल्या जागेभोवती रंगांची कडी उमटली होती, एकात एक. बाहेरून पांढरा, मग राखाडी प्रायमर, मग आभाळी निळा, मग पुन्हा प्रायमर, मग एक बारीक तांबूस रेघ रेड ऑक्साईडची, मग साय रंगाचा पट्टा, आणि मधोमध रुपयाएवढा उघडा पत्रा. बापूंनी त्यावर अंगठा फिरवला आणि वाचायला सुरुवात केली.

"आभाळी मी मारलंय. त्याच्यावर ह्यो पांढरा कुणी मारलाय ठाव न्हाई, पर लांबी लई भरलीया त्यानं. आणि हितं बघा, हितं प्रायमर खाल्लाय." लांबी म्हणजे पत्र्यातले खळगे बुजवायचा लगदा. आणि खरंच, एका बाजूला राखाडी कडं मध्येच संपत होतं आणि पांढरा थेट निळ्यावर टेकला होता. तिथंच पांढऱ्याला भेगा होत्या. घाईत कुणीतरी वाचवलेला तासाभराचा वेळ आणि थोडा माल, इतक्या वर्षांनी दुसऱ्या पेंटरच्या अंगठ्याला लागला.

हे बघितल्यावर मी स्टूल मागवून तिथंच बसले. रंगकाम म्हणजे गन घेऊन फवारणं, अशी माझी समजूत होती. फवारणी हे त्यातलं सगळ्यात थोड्या वेळाचं काम आहे. बाकी सगळा वेळ जातो तो घासण्यात. लांबीत ती कडक करणारा हार्डनर कालवायचा, तोही बेतानं. जास्त झाला तर पत्रीवरच दगड होतो, कमी झाला तर आत ओली राहते आणि पुढं फुगते. भरलेली लांबी आधी 80 नंबरच्या पेपरनं, मग 220, प्रायमर मारून पुन्हा 400, 600, 800. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे बारीक सोडून जातो. सपाटी बघायला बापू डोळे वापरत नाहीत. तळहात उघडा ठेवून पत्र्यावरून लांबवर फिरवतात आणि मध्येच थांबून म्हणतात, "हितं हाय." मी तिथंच हात फिरवून बघितला. मला काही लागलं नाही. रंग चढल्यावर मात्र तो खळगा कुणालाही दिसला असता. चमकत्या रंगात शेजारच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि ते नेमकं तिथं वाकतं.

गन चालवणं मात्र बघत राहावं असं. पत्र्यापासून वीतभर अंतर, हात पत्र्याला समांतर, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत न्यायची. फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू होतो आणि बाहेरच संपतो. शेणानं अंगण सारवणारी बाई जशी एकदा हात टेकला की मध्ये थांबत नाही, तसं. थांबला की तिथं ओघळ. फार लांबून मारलं तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीचा होतो. मेटॅलिक असेल तर आणखी पंचाईत. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, आणि ते रंगात कसे पडतात त्यावर छटा ठरते. ओला हात बसला तर गडद, कोरडा बसला तर फिकट. एकाच डब्यातला रंग दाराला वेगळा आणि शेजारच्या फेंडरला वेगळा दिसू शकतो. म्हणून शहाणा पेंटर एक दार रंगवताना नवा रंग शेजारच्या पत्र्यावर थोडा विरवत नेतो. विम्याच्या कामात कंपनी एकाच पॅनेलचे पैसे मंजूर करते आणि मग रस्त्यावर दोन निळ्यांच्या गाड्या फिरतात.

"पावसाळ्यात नको," बापूंनी आधीच बजावलं होतं. "दसरा हू दे." कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात हवेला पाणी सुटलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगातला थिनर भराभर उडतो, पत्रा गार पडतो, हवेतला दमटपणा ओल्या रंगावर बसतो आणि काळा रंगसुद्धा दुधाळ होतो. हल्ली बहुतेक गाड्यांना दोन डब्यांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग मारतात, हार्डनर कालवून. तो इतका लाडावलेला नाही, पण त्यालाही कोरडी हवा मानवते. उन्हाळ्यात उलट त्रास धुळीचा, म्हणून फवारणीआधी शेडची जमीन पाण्यानं भिजवून घेतात. मोठ्या वर्कशॉपात बंद बूथ असतो, गाळलेली हवा आणि साठेक अंशांची ऊब. बापूंकडं ताडपत्री आहे. आणि एक गोष्ट मला तिथं बसून अजिबात पटली नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले की दमा लागू शकतो, आणि एकदा शरीरानं डूख धरला की थोड्याशानंही झटका येतो. त्याला खरं तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा, निदान कोळशाच्या डब्या लावलेला तरी. बापू आणि त्यांची पोरं तोंडाला रुमाल बांधतात. मी बोलले. बापू हसले. पुढच्या खेपेला गेले तेव्हा मास्क खिळ्याला टांगलेला होता आणि पोराच्या तोंडाला रुमालच.

आता मुलाचा रॅप. मी त्याला तुच्छ लेखत नाही. आपल्याकडं त्याची मुळं रेडियमवाल्याकडं आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावात एसटी स्टँडजवळ एक दुकान असतं, जिथं कटरनं अक्षरं कापून मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' चिकटवून मिळतो, नंबर प्लेटच्या बाजूला वाघ, पेट्रोलच्या टाकीवर जोतिबा. तोच रेडियमवाला आता अख्खी गाडी गुंडाळतो. आमच्याकडचा एक तर सरळ सांगतो, "आधी नावं काढायचो, आता गाडीच झाकतो." त्याच्याकडं रंगछटांच्या फितींचा पंखा आहे: सॅटिन, मॅट, ब्रश केलेल्या पोलादासारखा, ऊन बदलेल तसा जांभळ्याचा हिरवा होणारा. रंगाच्या गनमधून यातलं बरंचसं काढायचं तर खर्च दुप्पट होईल.

फिल्ममध्येही दोन जाती. स्वस्त ती लाटून पातळ केलेली. तिला आपला मूळ आकार आठवतो, म्हणून वळणांवरून हळूहळू मागं सरकते आणि कडा सोडते. महाग ती ओतून केलेली, पन्नासेक मायक्रॉनची, हीट गननं ऊब दिली की आरशाच्या कवचावर, हँडलच्या खोबणीत बिनतक्रार बसते. मागच्या गोंदात हवा निघून जायला बारीक नाळ्या असतात, त्यामुळं बुडबुडे राहत नाहीत. हे सगळं आवडण्यासारखं आहे. पसंत पडलं नाही तर काढता येतं, खालचा मूळ रंग जपला जातो, विकताना जुनी गाडी पुन्हा बाहेर येते. नवी गाडी घेऊन तिचा रंग आवडत नसलेल्या माणसानं रॅपच करावा, असं माझं मत झालं. कारखान्याचा थर घासून त्यावर ताडपत्रीतला रंग मारणं म्हणजे चांगलं घालवून बरं आणणं.

पण माझ्या टपाला रेडियमवाल्यानंच नकार दिला. "ताई, ह्ये पापुद्रं निघत्यात तवर फिल्म कशाला धरंल?" फिल्म गोंदानं क्लिअर कोटला चिकटणार, क्लिअर कोट पत्र्याला चिकटून नसेल तर दोघं मिळून सुटणार. आधी घासा, प्रायमर मारा, सपाट करा, आणि मग फिल्म. म्हणजे बापूंचं निम्मंअधिक काम करूनच घ्यायचं. शिवाय बापूंचा प्रश्न इथंही उभाच. रॅप दाराच्या कडेवरून आत वळतो तो फार तर दोन बोटं. दार उघडलं की निळं. लालचुटूक किंवा पिवळ्या रॅपखालून निळी चौकट दिसणं मला तरी बघवणार नाही. मूळ रंगाच्या जवळची छटा घेणाऱ्याला मात्र हा प्रश्न पडतच नाही, आणि कमी खर्चात चांगलं काम करून घेण्याची ती एक युक्तीच आहे.

दुकानात पीपीएफ आणि सिरॅमिकही खपवायला बघतात. पीपीएफ म्हणजे जाड पॉलियुरेथेनची फिल्म, दीडशे-दोनशे मायक्रॉनची. दगडाचा मार झेलते, बारीक ओरखडे उन्हाच्या उबेनं भरून येतात, आणि आता रंगीतही मिळते. पण भाव ऐकून माझ्या गाडीच्या बाजारभावाची मला लाज वाटली. सिरॅमिकनं रंग बदलत नाही, फक्त पाणी निथळतं आणि चकाकी येते. गेलेल्या क्लिअर कोटवर ते लावणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. मॅट फिनिश तरुण पोरांना फार आवडतो. त्यात क्लिअर कोटमध्येच चमक मारणारी बारीक सिलिका घातलेली असते, त्यामुळं त्याला पॉलिश चालत नाही. घासाल तिथं चमकेल, आणि एकदा चमकला की तो डाग जात नाही. ज्या घरात गाडी कोरड्या फडक्यानं पुसतात तिथं मॅट घेऊ नये. बुलेटच्या चासीला आणि अलॉय व्हीलला पावडर कोटिंग चांगलं, पण ते पावणेदोनशे-दोनशे अंशांवर भाजावं लागतं. कारच्या बॉडीला तो मार्ग नाही.

रंग कागदावरही जातो, आणि तिथं बरेच जण वाट चुकतात. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवर रंग लिहिलेला असतो, तेव्हा रंग बदलला की आरसी आणि गाडी एकमेकांशी खोटं बोलू लागतात. बदल केल्यावर चौदा दिवसांत नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला कळवून, फी भरून आरसीत नोंद करून घ्यायची असते. रॅपही त्यातून सुटत नाही. पोलिसाला रस्त्यावर दिसतो तो वरचा रंग. रंग बदलायच्या आधीच आरटीओत विचारून घेतलेलं बरं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्यायचं, आणि विमा कंपनीलाही कळवायचं. हे शेवटचं कुणी करत नाही. अपघातानंतर सर्व्हेयर आरसीकडं बघतो, मग गाडीकडं बघतो, आणि मग फाइल टेबलावर आठवडाभर पडून राहते.

बँकेतला एक किस्सा. एकानं चंदेरी इंडिकावर कर्ज घेतलं आणि हप्ते थकवले. वसुलीची माणसं त्याच्या गल्लीत जाऊन चंदेरी इंडिका शोधत राहिली. गाडी त्यांच्या समोरच उभी होती, लाल. नंबर प्लेटवर फुलांचा हार सोडलेला. गृहस्थानं दसऱ्याला पूजा केली होती म्हणे, आणि हार काढायचा राहून गेला. शेवटी ती सापडली ती डिकीमुळं. कुणीतरी डिकी उघडी टाकली होती आणि आतली पन्हळ चंदेरी होती. मी बापूंना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून खूश झाले. "आतनं मारला अस्ता तर घावला नस्ता."

काही रंग तर मागूनही मिळत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 121 सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलाच्याच गाड्यांना. इकडं सातारा-कोल्हापुरात घराघरांत फौजी. जीप घेणाऱ्या दर दोन पोरांतल्या एकाला 'मिल्ट्री कलर'च हवा असतो. बापू त्यांना थोडा पिवळसर नाहीतर थोडा राखाडी करून देतात आणि वर सांगतात की पकडलं तर माझं नाव सांगू नका. लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या डिस्पोजलच्या जीपचंही तेच: घरी आणल्यावर पहिलं काम रंग बदलण्याचं. पर्यटन परवान्याच्या गाड्यांना पांढरा रंग आणि मधून निळी पट्टी, हेही एके काळी नियमातच होतं. मुंबईच्या टॅक्सीचा काळा-पिवळा तर इतका पक्का की त्यापुढं गाडीचं मॉडेल दुय्यम. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023 मध्ये पद्मिनी रस्त्यावरून गेली, काळा-पिवळा राहिला. एसटीचं याच्या उलट. लाल परी लालच असायची असं आपण धरून चालतो, पण 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेलेली पहिली बेडफर्ड निळी होती, वरचा भाग चंदेरी. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना लाल रंग किती दिवस उपरा वाटला असेल, असा एक विचार मनात येऊन गेला.

आणि कोल्हापूरचा माणूस गाडीच्या रंगाबद्दल बोलतो म्हटल्यावर मेबॅक येणारच. छत्रपतींच्या घराण्यातली ती जुनी जर्मन मोटार शाही दसऱ्याला दसरा चौकात येते, भगव्या रंगाची. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी ती पाहिली. मोटार भगवी असू शकते हे कळलं तेव्हापासून पांढऱ्या गाड्यांबद्दल माझं मन थोडं कलुषितच आहे.

कारण पांढरा हा आपल्याकडं रंग उरलेला नाही, तो व्यवहार झालाय. ऊन कमी धरतो, हे खरंच. ओरखडे कमी दिसतात, डाग काढला तर छटा जुळवणं मेटॅलिकपेक्षा सोपं, विकताना गिऱ्हाईक बिचकत नाही. शेजारच्या काकांचं एकही वाक्य खोडून काढता येणार नाही. पण कारखान्याच्या गेटपासून साखर कारखान्याच्या संचालकांच्या बैठकीपर्यंत उभ्या असलेल्या त्या सगळ्या पांढऱ्या गाड्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं पोटात घेऊन निघालेल्या, बघून मला वाटतं की आपण रंग विकत घेताना दुसऱ्याच कुणासाठी घेतो. पुढच्या गिऱ्हाइकासाठी. तो अजून जन्मालाही आलेला नसतो कदाचित.

मला हवा होता इरकली लुगड्याच्या काठातला तो गर्द तांबडा. आईचं एक जुनं लुगडं घेऊन मी रंगाच्या दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्यानं रंग वाचायचं यंत्र काठावर टेकवून बघितलं, दर वेळी वेगळा आकडा आला. विणीच्या उंचसखल धाग्यांवर ते यंत्र धड वाचत नाही. "मॅडम, कोड सांगा," तो म्हणाला. "कुठल्याही कंपनीच्या गाडीचा सांगा, तोळामासा फरकानं जमवून देतो." गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली रंगाचा कोड लिहिलेला असतो, त्या कोडवरून संगणक कृती सांगतो आणि काट्यावर ग्रॅममध्ये मोजून एकेक टिंट टाकतात. मनाचा रंग बनवून घेता येतो, पण त्याला कोड नसतो. उद्या दाराला कुणी घासलं तर तोच रंग पुन्हा मिळणार नाही. हा मुद्दा मला बँकेतल्या माणसासारखा पटला. शेड कार्डं चाळत बसले आणि एका जुन्या कंपनी शेडमध्ये काठाच्या जवळचा तांबडा सापडला. मेटॅलिक नाही, साधा, वर क्लिअर. लाल रंग झाकणशक्तीला कमी, म्हणून खाली आधी एक गुलाबीसर राखाडी थर द्यावा लागेल आणि दोन हात जास्त, म्हणजे पैसेही जास्त. नवऱ्यानं आकडा ऐकला आणि पेपर उघडला. मुलानं फोनवर विचारलं, निदान मॅट का नाही?

आरटीओतल्या एजंटानं अर्जाचं सांगितलंय. बापूंनी दसऱ्यानंतरची तारीख दिलीय, जी दिवाळीनंतर जाणार हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. दारं उतरवून, बीडिंग काढून, कडा आणि पन्हळी आतून करायच्या हे ठरलं. अडलंय ते बोनेटच्या आतल्या बाजूवर. ते करायचं तर वायरिंग आणि बॅटरी हलवावी लागते, इंजिन झाकावं लागतं, आणि त्याचे बापू साडेचार हजार वेगळे मागतात. मी तीनवर आहे. ते म्हणतात, मग निळंच ऱ्हाऊ दे की, बोनेट कोण उघडतंय? मी म्हटलं, मेकॅनिक उघडतो. त्यावर त्यांनी जरा विचार केला आणि चार हजारांवर आले.